नंतरची छेडछाड

टाकेबाई हे तिचं आडनाव नव्हे. तीस वर्षांपूर्वी हॉटेलात कुणीतरी गमतीनं म्हटलं आणि ते चिकटलं. मधे एक नवा मॅनेजर आला, त्यानं ते खरंच आडनाव समजून तिच्या ओळखपत्रावर छापून टाकलं. तिनंही ते बदलून घेतलं नाही. "जन्मभर दुसऱ्यांची भोकं बुजवली, स्वतःचं एवढं करायला सवड नाही बाईला," असं मामा म्हणायचे. मामा म्हणजे हॉटेलातले सगळ्यात जुने वेटर. ते कुणाचेच मामा नव्हते, पण मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत.

टाकेबाईचं काम एकच, रफूचं. हॉटेलच्या मोठ्या हॉलच्या भिंतींना रंग नाही, कापड आहे. खाली कमरेपर्यंत लाकूड आणि तिथून छतापर्यंत गर्द हिरवं रेशीम, त्यावर लांब मानेचे पक्षी. असे बत्तीस पट्टे, हॉटेल बांधलं तेव्हाचे, म्हणजे शंभर वर्षं उलटून गेलेली. या शंभर वर्षांत लोकांनी त्या भिंतींना पाठी घासल्या, खुर्च्या आपटल्या, पेटत्या सिगारेटी टेकवल्या, मेजवानीला आलेल्या पोरांनी काट्यांनी पक्ष्यांचे डोळे उकरले. आणि तरी दारातून आत येणारा प्रत्येक शहाणा म्हणायचा, "काय टिकलंय हो कापड!" टिकलंय म्हणे. जसं काही ते आपलं आपणच टिकलं.

ते टिकवलं दोघींनी. आधी तेहेतीस वर्षं टाकेबाईच्या आईनं, मग बत्तीस वर्षं टाकेबाईनं, आणि मधली तीन वर्षं दोघींनी शेजारी शेजारी बसून. दरवर्षी गिऱ्हाईक कमी असायचं त्या दोन महिन्यांत चार पट्टे आकड्यांवरून उतरवायचे, चादरींच्या खोलीतल्या लांब टेबलावर पालथे घालायचे आणि विरलेला प्रत्येक बोटभर तुकडा धाग्यानं पुन्हा विणून काढायचा. धागा त्याच कापडाचा, आत दुमडलेल्या काठातून ओढून काढलेला. काठ संपले तेव्हा आईनं नवं रेशीम आणून स्वतः रंगवलं, आणि वर्षभर पश्चिमेच्या खिडकीत टांगून ठेवलं. धागा म्हातारा झाल्याशिवाय ती त्याला सुईत ओवायची नाही. आठ वर्षांत सगळ्या भिंती एकदा फिरून व्हायच्या, की पुन्हा पहिल्या पट्ट्यापासून सुरुवात.

आता आई चौऱ्याऐंशीची झाली होती. डोळे रफूनंच खाल्ले होते. समोर माणूस उभा आहे एवढं कळायचं, कोण ते आवाजावरून. कान मात्र शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. तिच्या मनात एक गोष्ट घर करून बसली होती. एकदा कोणी मोठा पाहुणा चौदाव्या पट्ट्यापुढं उभा राहून म्हणाला होता, "हे विणणाऱ्यांचे हात चुंबावेत." त्या पट्ट्यात विणणाऱ्यांचं मूठभरही उरलं नव्हतं, सगळी आई होती. आणि आई त्याच्या मागे तीन पावलांवर सुयांची डबी घेऊन उभी होती. ही गोष्ट ती दरवर्षी हसत हसत सांगायची, आणि सांगून झालं की थोडा वेळ कुणाशी बोलायची नाही.

तर असं सगळं चाललेलं असताना हॉटेल एका कंपनीनं घेतलं. कंपनीला हॉल नको होता. हॉलच्या उंचीत दोन मजले बसतात हे त्यांनी आल्या आल्या मोजून घेतलं. पण शहरात जुन्या इमारतींसाठी एक समिती होती आणि समितीचा एक नियम होता: आतलं काम निम्म्याहून जास्त मूळ असेल तर हॉलला कुणी हात लावायचा नाही, नसेल तर मालकाची मर्जी. हा नियम कंपनीला पाठ होता. टाकेबाईला तो कुणी सांगितला नाही. तिला कशाला कोण सांगतंय!

समितीनं तपासणीला एक बाई पाठवली. तरुण होती, पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांतली नव्हती. पहिल्याच दिवशी शिडीवर चढली, भिंग लावून अर्धा तास एका पक्ष्याची मान बघत राहिली, आणि खाली उतरली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. टाकेबाईला ती तिथंच आवडली.

"यात कुठं कुठं दुरुस्ती झालीय ते तुम्हाला माहीत असेल ना?" तपासणीसबाईंनी विचारलं. "मला तर दहा-पंधरा जागांपलीकडे दिसत नाहीय."

"दिसलं तर ते रफू कसलं?" टाकेबाई म्हणाली. "पण मी दाखवीन. माझ्या आईचं काम आहे जास्त. तिचं नाव येईल का कुठं?"

"येईल की. अहवालात नोंद होते, कुणी काय काम केलं त्याची. सरकारी दप्तरात कायमची राहते."

तिनं तिथल्या तिथं वही काढून आईचं पूर्ण नाव लिहून घेतलं. संध्याकाळी टाकेबाईनं घरी सांगितलं. आई म्हणाली, "वेलांटी कुठली घातली तिनं? आपल्याला दुसरी लागते. सगळे पहिली घालतात." दुसऱ्या दिवशी टाकेबाईनं जाऊन वेलांटी तपासली. पहिली होती. दुसरी करून घेतली.

आता टाकेबाईनं जे केलं ते दुसरं कुणी केलं नसतं. कारकुनानं नाही, वकिलानं तर नाहीच नाही. तिच्या धंद्यातला हिशेब साधा होता: टाकाऊ कापडाला कुणी रफू करत नाही, त्याची फडकी होतात. ज्याच्यावर जीव असतो त्यालाच माणूस पुन्हा पुन्हा विणत बसतो. म्हणजे जितकं रफू जास्त, तितकी त्या कापडाची किंमत जास्त, हे तिला दिवसाउजेडाइतकं स्वच्छ दिसत होतं. तिनं पांढऱ्या सुताची चार रिळं घेतली आणि एकेका रफूच्या भोवती कच्चे टाके घालायला लागली, जेवढी जागा तेवढी आखून. आईचं काम, आपलं काम, आईच्या कामावर आपलं काम. कुठं शंका आली तर पट्टा उतरवून उलट बाजूनं खात्री करून घ्यायची. हातचं राखून काही ठेवलं नाही. नऊ दिवस लागले.

मामा चहाचा पेला घेऊन आले आणि भिंतीकडे बघतच राहिले. "हे काय गं? देवी आल्यासारखी दिसतेय भिंत."

"आईचं काम आहे मामा. बघा की किती आहे!"

"बघतोय. म्हणूनच म्हणतो, अळीमिळी गुपचिळी बरी नव्हती का?"

"त्यांनी विचारलं म्हणून दाखवतेय."

"त्यांनी दहा-पंधरा विचारले," मामा म्हणाले, पण टाकेबाईच्या तोंडात दोरा होता आणि तिला उत्तर द्यायला वेळ नव्हता.

पाहणीच्या दिवशी समितीची पाच माणसं आली. कंपनीचा वकील आला, त्याच्याबरोबर फोटो काढणारा आला. हॉलचे दिवे लावले आणि सगळ्या भिंती पांढऱ्या रेघांनी भरलेल्या दिसल्या. टाकेबाई दाराशी इस्त्रीचे कपडे घालून उभी होती, आणि शाबासकी कुठल्या दिशेनं येते ते बघत होती. तपासणीसबाईंचा चेहरा मात्र पांढरा पडला. वकिलाचा उजळला. त्यानं फोटोवाल्याला नुसतं बोटानं खुणावलं.

दुपारभर मोजणी झाली. तक्त्यावर दोन रकाने होते. एकाचं नाव 'मूळ' आणि दुसऱ्याचं 'नंतरची छेडछाड'. मूळ निघालं शंभरात एकोणचाळीस.

"छेडछाड?" मामा मागे पुटपुटले. "मग काय म्हातारीला पोलिसात देणार?" कुणी हसलं नाही. टाकेबाईला आधी शब्दाचाच राग आला. नियम काय आहे ते तिला त्यानंतर कळलं, तेही वकिलाच्या तोंडून, आणि तो इतक्या नम्रपणे सांगत होता की ती मान डोलावत ऐकत राहिली. अर्थ डोक्यात शिरायला वेळ लागला. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, तोही आईच्या हातानं.

तपासणीसबाईंनी तिला चादरींच्या खोलीत गाठलं. दार लावून घेतलं.

"इतकं का हो दाखवलंत?"

"तुम्ही म्हणालात, नोंद होते."

"चूक माझी आहे. मी आधी नियम सांगायला हवा होता." ती खिडकीकडे बघत बोलत होती. "सोमवारी सुनावणी आहे. तुम्हाला साक्षीला बोलावतील. खुणा तुमच्या आहेत, त्या बरोबर की चूक हे फक्त तुम्हीच सांगू शकता. मी तुम्हाला खोटं बोला असं म्हणू शकत नाही. पण तुमची खात्री नसेल, तर खात्री नाही असं म्हणता येतं."

"माझी खात्री आहे."

"हो," तपासणीसबाई म्हणाली. "तेच तर."

शनिवार-रविवार टाकेबाईनं कसे काढले तिचं तिलाच माहीत. कापड वाचवायचं तर आईला पुसायचं, आणि आईला ठेवायचं तर कापड जायचं. आईला विचारायची सोय नव्हती. आई तर खुशीत होती. शेजारणीला बोलावून सांगत होती, "दप्तरात नाव जातंय माझं. कायमचं." रविवारी दुपारी तिनं मुद्दाम टाकेबाईला जवळ बसवलं आणि चौदाव्या पट्ट्यात कुठला धागा कुठून घेतला होता ते पुन्हा एकदा घोकून घेतलं, सोमवारी कुणी विचारलं तर लेक अडायला नको म्हणून. टाकेबाई हुं हुं करत राहिली. नोंद गेली तर आईला एकदा समजावता येईल, तिनं मनाशी ठरवलं. कापड गेलं तर आईचं काय उरतं?

सुनावणी हॉलमध्येच झाली. चार टेबलं जोडून समिती बसली, एका टोकाला कारकून लिहायला. अध्यक्षांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे प्रत्येक उत्तर दोनदा द्यावं लागायचं. खोटं एकदा बोलायला माणूस तयारी करून येतो. दोनदा बोलायचं म्हणजे जिवावर येतं.

"या खुणा तुम्ही केल्या?" वकिलानं विचारलं.

"हो. पण मनानं केल्या. खात्रीनं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे... आपलं नाव मोठं व्हावं म्हणून. इतकं काम झालेलं नाही. कापड मूळचंच आहे."

"मोठ्यानं," अध्यक्ष म्हणाले.

"कापड मूळचंच आहे!"

वकिलानं वही चाळली. "पण तुमच्या आईनं इथं तेहेतीस वर्षं नोकरी केली. त्यांनी या पट्ट्यांवर काम केलं असेल ना?"

मामा पाण्याचे पेले भरत होते, त्यांनी भरायचं थांबवलं.

"नाही," ती म्हणाली.

"एकाही पट्ट्यावर नाही?"

"नाही. आई चादरींना टीप मारायची. उशांचे अभ्रे. तिला हे... हे जमण्यासारखं नव्हतं."

"मोठ्यानं."

"आईला हे जमण्यासारखं नव्हतं," टाकेबाई ओरडली. हॉल उंच होता. तिचा आवाज वरपर्यंत गेला आणि सगळ्यांनी ऐकला.

वकिलानं मान डोलावली, अगदी सहानुभूतीनं. आणि सगळ्यात जास्त खुणांचा फोटो पुढं करत म्हणाला, "मग एखादा पट्टा उतरवून बघायला हरकत नसावी. चौदावा चालेल?"

उतरवायला दुसरं कुणी नव्हतं. आकडे कुठल्या क्रमानं सोडायचे ते तिलाच ठाऊक. सवयीच्या हातांनी तिनं चौदावा पट्टा सोडवला, मामांनी खालून झेलला आणि दोघांनी तो टेबलावर पालथा घातला. सुलट बाजूनं शंभर वर्षांपूर्वीचं वाटणारं ते कापड उलट बाजूनं धाग्यांच्या टोकांनी नुसतं केसाळ झालं होतं, या काठापासून त्या काठापर्यंत. समितीतला एकजण "अरे बापरे" म्हणाला. तपासणीसबाईंनी खाली बघितलं. तरी तिचं बोट टेबलाच्या कडेनं हळूच पुढं गेलं आणि त्या टोकांवरून फिरलं.

"हे कुणी केलं?" वकिलानं विचारलं.

आता खरं सांगूनही काही वाचणार नव्हतं. निदान आई तरी परत मिळाली असती. पण एकदा कानावर हात ठेवले की ते काढायला वेगळं धैर्य लागतं. समोर पाच माणसं होती, आणि आपण खोटं बोललो हे त्यांच्यापुढं म्हणायची तिला लाज वाटली. नुसती लाज. एवढ्याशा लाजेपायी टाकेबाई म्हणाली, "माहीत नाही."

कारकुनानं भराभरा लिहिलं, भराभरा वाचून दाखवलं आणि कागद तिच्यापुढं सरकवला. त्यानं बोट ठेवलं होतं तिथं तिनं सही केली.

निकाल अपेक्षेप्रमाणे लागला. कंपनीनं मोठेपणा करून दोन पट्टे ठेवायचं कबूल केलं, काचेमागे, नव्या स्वागतकक्षात, खाली पाटी: 'मूळ स्वरूपात'. ते दोन पट्टे होते मोठ्या कपाटामागचे. तिथं शंभर वर्षांत कुणी बसलं नाही, कुणी टेकलं नाही, कुणी ते कधी पाहिलंही नाही. बाकीचे तीस उतरवायचे होते, आणि माणसांना आकडे सुटेनात, म्हणून कंपनीनं टाकेबाईलाच सांगितलं. तिनं रोज चार याप्रमाणे उतरवले, धूळ झटकली, सुलट बाजू आत घालून गुंडाळले. माणसं ते खांद्यावर टाकून मागच्या दारानं न्यायची. तिथं ट्रक उभा असायचा. एकदा मामांनी ट्रकवाल्याला विचारलं, कुठं नेता. तो म्हणाला, आज हे, उद्या फरशा.

आईला तिनं इतकंच सांगितलं होतं की हॉल राहिला नाही. आई म्हणाली, "कापडाला वय असतंच. नोंद झाली ना?" टाकेबाई म्हणाली, "झाली असेल." त्यानंतर आई रोज पोस्टमनची चौकशी करू लागली. साक्षीदार म्हणून अहवालाची प्रत टाकेबाईच्या पत्त्यावर यायची होती, हे आईनं कुणाकडून काढलं कोण जाणे. बहुधा मामांकडून.

पाकीट आलं ते सकाळी, टाकेबाई कामाच्या शोधात बाहेर पडायच्या बेतात असताना. जाडजूड होतं. आईनं आवाजावरूनच ओळखलं.

"वाच," ती म्हणाली.

"खूप आहे गं. नकाशे आहेत, आकडे आहेत."

"माझं तेवढं वाच."

टाकेबाईनं पानं उलटली. कापडाचा कारखाना होता, इमारत बांधणाऱ्याचं नाव होतं, लाकूड कुठून आलं ते होतं. जिथं काम करणाऱ्यांची नोंद व्हायची होती, तिथं 'अज्ञात' असं छापलेलं होतं. मग अगदी शेवटी, साक्षींच्या पानावर, आई होती. नावानिशी, दुसऱ्या वेलांटीसकट. एक ओळ.

काहीतरी बनवून सांगावं असं तिच्या मनात आलं. आईला काय दिसणार होतं? पण आई खुर्चीत पुढं सरकून बसली होती, हात मांडीवर ठेवून, लहान मुलीसारखी. हिला आणखी एकदा फसवायचं? टाकेबाईच्यानं ते झालं नाही.

"एकच ओळ आहे," ती म्हणाली.

"एक तर एक."

टाकेबाईनं आधी नाव वाचलं, मग पुढचं. "यांनी सदर कापडावर कोणतेही काम केलेले नाही, व असे काम त्यांना जमण्यासारखे नव्हते."

आईनं कागदासाठी हात पुढं केला. टाकेबाईनं दिला. आईनं तो पालथा केला, पुन्हा सुलटा केला, बोटांनी कडा चाचपल्या.

"असं कुणी सांगितलं त्यांना?" तिनं विचारलं. "खाली सही असेल ना कुणाची? बघ बरं, कुणाची आहे."

टाकेबाईनं वाकून बघितल्यासारखं केलं.

"माझी," ती म्हणाली.